सांतो निन्योचा झगा आणि शनिवारची कामं

वर कुणीतरी विचारलंय, फिलिपिनो घरांतल्या मूर्ती नुसत्या शोभेच्या असतात का? मनिलात तीन वर्षं काढलीत, त्यावरून सांगतो: छे!

आमच्या ऑफिसातली अकाउंटंट शनिवारी कामांची यादी घेऊन निघायची. विजेचं बिल, लाँड्रीतले कपडे, आईची औषधं. आणि जानेवारी जवळ आला की दिविसोरियाच्या बाजारातून सांतो निन्योसाठी, म्हणजे बाळ येशूसाठी, मखमल. आजीकडून आलेली वीतभर लाकडी मूर्ती. जुन्या झग्याची लेस काळवंडलेली, बाहीपाशी कापड विरलेलं. दरवर्षी नवा झगा, पण जुना टाकायचा नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नीट घडी करून. (आपल्याकडे त्या डब्यात सुईदोरा निघतो!)

मूळ मूर्ती फिलिपिन्सच्याच सेबू बेटावर. १५२१ साली दर्यावर्दी मॅगेलनने तिथल्या राणीला दिलेली, १५६५ मध्ये स्पॅनिश शिपायाला जळक्या घरात सापडलेली. तिचा सिनुलोग उत्सव जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी.

त्या अकाउंटंटच्या दारावर झावळीची विणलेली पलास्पास, म्हणजे ईस्टरआधीच्या पाम संडेला चर्चमध्ये आशीर्वादित केलेली झावळी, असायची, वाळून पिवळी पडलेली. मी म्हटलं, काढून का टाकत नाहीस? म्हणाली, ‘चर्चमध्ये परत द्यायची. ती जाळून राख करतात, मग ॲश वेन्सडेला, उपवासाच्या काळाच्या पहिल्या दिवशी, तीच आमच्या कपाळावर.’