मदत हवी आहे: नव्या मदरबोर्डवर पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही, दुसरा कोणता बोर्ड घ्यावा?

बोरीकाठ (अमळनेर)
नमस्कार. घरी जोडलेल्या संगणकाचा मदरबोर्ड बदलावा लागणार आहे, तरी दहा हजारांच्या आतला चांगला बोर्ड कृपया लवकर सुचवावा. आताचा बोर्ड परवा रात्री कॅबिनेटमध्ये बसवला. बटण दाबले की सगळे पंखे फिरतात, परंतु मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच येते. मॉनिटर आणि केबल लॅपटॉपला लावून पाहिली, दोन्ही व्यवस्थित आहेत. रॅम दोनदा काढून पुन्हा बसवली. म्हणजे दोष बोर्डातच आहे. दुकानदाराने बदलून देण्यासाठी सात दिवसांची मुदत दिली होती, त्यांपैकी दोनच दिवस उरले आहेत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावरील लग्नांचे चित्रीकरण एडिट करून द्यायचे असल्यामुळे मला थांबणे शक्य नाही.

भुसावळकर
बोर्ड सुचवण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. प्रोसेसर कोणता, बोर्डाचा चिपसेट (बोर्डावरील मुख्य नियंत्रक चिप) कोणता, एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) किती वॅटचा आणि ग्राफिक्स कार्ड कोणते, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. पंखे फिरतात याचा अर्थ बोर्डाला वीज मिळते एवढाच होतो. बोर्ड बिघडला आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

शिरपूरवासी
माझे स्पष्ट मत असे आहे की या निमित्ताने इंटेलच्या प्रोसेसरकडे वळावे. बी७६० चिपसेटचा, डीडीआर४ रॅम चालणारा बोर्ड घ्या आणि त्यावर बारावी किंवा तेरावी पिढीचा आय५ बसवा. मी गेली दोन वर्षे हीच जोडणी वापरत आहे आणि मला एकदाही अडचण आलेली नाही. बोर्ड घेताना मात्र रॅमचा प्रकार तपासावा, कारण त्याच चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात तर काही डीडीआर५, आणि दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)
प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६०० आहे, तो बदलायचा नाही. बोर्ड बी४५०, रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, एसएमपीएस ४५० वॅटचा. आता तरी बोर्ड सुचवा.

पांझरेकाठी (धुळे)
कारण सापडले असे मला वाटते. बी४५० चिपसेट २०१८ सालचा आहे आणि रायझनची ५००० मालिका २०२०च्या अखेरीस बाजारात आली. जुना साठा असेल तर त्या बोर्डातील बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी प्रणाली) हा प्रोसेसर ओळखत नाही, आणि मग नेमके आपल्यासारखेच होते: पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. बोर्डाच्या मागच्या बाजूस बायोस फ्लॅशचे बटण असल्यास निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवी बायोस उतरवून घ्यावी, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर सांगितलेल्या नावाने ठेवावी आणि त्यासाठी राखलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बटण दाबून धरावे. ही प्रक्रिया चालू असताना वीज जाता कामा नये. आपल्याकडे वैशाखात दुपारी वीज कधी जाईल याची शाश्वती नसते, त्यामुळे यूपीएसशिवाय हे काम करू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी (नंदुरबार)
यूपीएसच्या आधी अर्थिंग तपासावे, असा माझा आग्रह आहे. मी वायरिंगची कामे करतो. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, परंतु तिसरी तार मागे कोठेही जोडलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर तेच कारण समजावे. दुसरी गोष्ट, आपण खोलीतल्या कूलरसमोर बसून जोडणी केली का? उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरशिवाय बसवत नाही हे मान्य आहे, परंतु त्याच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि ते उघड्या बोर्डावर पडलेले मी स्वतः पाहिले आहेत.

पांझरेकाठी (धुळे)
कूलरचे तुषार आणि डिस्प्ले यांचा येथे संबंध दिसत नाही. उलट अगदी कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, ते बोर्डाला अधिक धोक्याचे.

सातपुड्याच्या पायथ्याशी (नंदुरबार)
स्थिर वीज जमिनीत उतरवायलाही अर्थिंगच लागते. मी तेच सांगत आहे.

बोरीकाठ (अमळनेर)
कृपया माझ्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे. अर्थिंग गेल्या वर्षीच करून घेतले आहे. बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ असे चिकटपत्र लावलेले आहे. चोवीस पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर, दोन्ही टक् आवाज होईपर्यंत दाबून बसवल्या आहेत. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत आहेत. म्हणूनच मी बोर्ड खराब आहे असे म्हणतो.

भुसावळकर
ही माहिती फार उपयोगी पडली. ते चिकटपत्र असेल तर बायोसचा संशय बराच कमी होतो. माझ्या पहिल्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही: ग्राफिक्स कार्ड कोणते आहे, आणि एचडीएमआय केबल नेमकी कोठे लावली आहे? तसेच बोर्डाच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशा अक्षरांजवळ बारीक दिवे असल्यास संगणक सुरू केल्यावर त्यांपैकी कोणता पेटून राहतो, ते सांगावे.

बोरीकाठ (अमळनेर)
ग्राफिक्स कार्ड घेतलेले नाही, कारण बोर्डालाच एचडीएमआयचे पोर्ट आहे आणि केबल तेथेच लावली आहे. दिव्यांकडे मी लक्ष दिले नव्हते. आता खोलीत अंधार करून पाहिले. आधी सीपीयूचा दिवा क्षणभर लागून विझतो, मग डीरॅमचा तसाच विझतो, आणि व्हीजीएजवळचा पांढरा दिवा लागून तसाच राहतो.

भुसावळकर
मग बोर्ड परत करू नका, तो ठीक असण्याची शक्यता फार मोठी आहे. बोर्डावरील एचडीएमआय पोर्ट ही केवळ बाहेर पडण्याची वाट आहे. चित्र तयार करणारा भाग प्रोसेसरमध्ये असावा लागतो. एएम४ सॉकेटच्या (आपल्या बोर्डावरील प्रोसेसरच्या खोबणीच्या) रायझनमध्ये तो ५६००जीसारख्या ‘जी’ अक्षराच्या प्रोसेसरांत असतो, नुसत्या ५६००मध्ये नसतो. तरीही पोर्ट बोर्डावर असते, कारण त्याच बोर्डावर ‘जी’ प्रोसेसरही बसतात. सीपीयू आणि डीरॅमचे दिवे विझतात, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांची तपासणी पार पडते. गाडी अडते ती चित्राशी. आपला प्रोसेसर ‘जी’ आहे की नाही, हे आधी पाहावे.

शिरपूरवासी
इंटेलमध्ये नेमके याच्या उलट आहे. तेथे साध्या आय५मध्ये ग्राफिक्स असते आणि शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर नसते. म्हणूनच इंटेलची सवय असलेला माणूस रायझन घेताना फसतो. प्रोसेसरचा पंखा काढून, वरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट कापडाने पुसून अक्षरे वाचावीत.

पांझरेकाठी (धुळे)
पंखा काढण्याचा सल्ला कृपया कोणीही देऊ नये. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि पेस्ट थंड होऊन घट्ट झालेली असेल तर पंख्याबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, मग सॉकेटचा खटका बंद का असेना. माझ्या हातून हे घडले आहे. मी पंखा सरळ वर ओढला आणि कोपऱ्यातील चार पिना वाकल्या. शिसे काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीच्या नळीत एकेक पिन घेऊन ती सरळ करण्यात माझी अख्खी रात्र गेली, आणि एवढे करून तो प्रोसेसर पुन्हा चालला हे माझे नशीब. पंखा काढावाच लागला तर आधी तो डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवून सैल करावा. येथे त्याची गरजच नाही, मॉडेल खोक्यावर छापलेले असते.

बोरीकाठ (अमळनेर)
खोके माळ्यावरून काढले. त्यावर ‘५६००’ आहे, पुढे ‘जी’ नाही. दुकानात मी ‘५६०० द्या’ एवढेच म्हटले होते. आता प्रोसेसर बदलून घ्यावा की कार्ड घ्यावे?

भुसावळकर
आपले काम लग्नाच्या चित्रीकरणाचे आहे, त्यामुळे कार्डच घ्यावे. ५६००जीमध्ये चित्र दिसेल, परंतु एडिटिंगची सॉफ्टवेअरे जितके काम ग्राफिक्सवर टाकू पाहतात तितके त्यातील ग्राफिक्सला पेलणार नाही. घाईघाईत जीटी १०३० हे कार्ड मात्र घेऊ नये, कारण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारी (एडिट केलेल्या चित्रीकरणाची फाइल तयार करणारी) यंत्रणाच नाही. जीटीएक्स १६५०मध्ये ती आहे. ते कार्ड ७५ वॅटच्या आसपास वीज घेते आणि तेवढी वीज स्लॉटमधूनच मिळत असल्याने त्याच्या अनेक आवृत्त्यांना वेगळी वायर लागत नाही. आपला ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे. पैसे देण्यापूर्वी कोणाचेही जुने कार्ड तासाभरासाठी मागून आणावे आणि बोर्ड चालतो याची खात्री करावी, म्हणजे मुदतही हातची जाणार नाही.

बोरीकाठ (अमळनेर)
मावसभावाच्या संगणकातील कार्ड आज सकाळी आणून लावले. पहिल्यांदा चूक करून केबल पुन्हा बोर्डाच्याच पोर्टमध्ये लावली होती. ती कार्डाला लावताच बायोसचा पडदा आला. प्रोसेसर ओळखला आहे, रॅम सोळा जीबी दाखवतो. सर्वांचे मनापासून आभार. बोर्ड ठेवतो आणि कार्ड घेण्यासाठी उद्या जळगावला जातो. एक शंका राहिली: रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिले आहे आणि येथे २६६६ दिसते. हा दोष आहे का?

पांझरेकाठी (धुळे)
दोष नाही. बायोसमध्ये रॅम तिच्या खोक्यावरील वेगाने चालवणारी एक्सएमपी या नावाची सोय असेल, काही बोर्डांवर तिचे नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असते; ती सुरू करून एफ१० दाबून जतन करावे. रॅम ३२००वर चालू लागेल, ५६०० तेवढा वेग अधिकृतपणे घेतो. त्यानंतर संगणक एक-दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झाला तर घाबरून वायर काढू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी (नंदुरबार)
आणि कार्ड बसवताना कूलर दुसऱ्या दिशेला फिरवून ठेवावा.