मदत हवी आहे : पावसाळ्यात जलरंगाचा कागद शोषकागदासारखा होतोय

दर रविवारी सकाळी साडेसहाला ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी बसून स्केच करते. कौपिनेश्वर मंदिराचं शिखर, फुलवाल्यांची लगबग, पाण्यावरचं करडं आभाळ. आधी पेन, मग जलरंग.

अडचण कागदाची आहे. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस (जाड, किंचित खडबडीत कागदाचा) पॅड मे महिन्यात उत्तम चालत होता. जुलैपासून त्याच पॅडवर रंग लावला की जागच्या जागी शोषला जातो, गडद ठिपके उमटतात आणि आभाळाचा सलग वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, काही केल्या येत नाही. कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ, दमट हवेने गेलं असावं. ब्रश, पाणी, रंग बदलून पाहिले, फरक नाही. तोच रंग नव्या पॅडवर नीट बसतो, त्यामुळे दोष हाताचा नाही एवढं कळलं. मधलीही पानं तशीच निघाली. सिलिका जेलच्या पुड्या घालून पॅड डब्यात ठेवला, पण बहुधा उशिरा.

उरलेली चौदा पानं टाकवत नाहीत, कागद महाग आहे. सायझिंग परत आणायला जिलेटिनचा हात देतात हे माहीत आहे, पण ते प्राण्यांपासून बनतं, आमच्या घरी चालणार नाही. वन बीएचके आहे, ओले कागद वाळत घालायला एक खिडकी, तीही पावसाची. एसी नाही.

जिलेटिनऐवजी साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ कुणी जलरंगाच्या कागदावर प्रत्यक्ष लावून पाहिली आहे का? किती पातळ केली होती, आणि या हवेत बुरशी आली का?