व्हॉल्वमनला नकाशा शिकवायचा, की नकाशावाल्याला व्हॉल्व?

पाणीवाला_जेई

आमच्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागासाठी जीआयएसचं (संगणकावरच्या माहितीसह नकाशांचं) प्राथमिक प्रशिक्षण ठरलंय. तीन दिवस, हॉटेलचा हॉल, प्रोजेक्टर, जेवण. पहिल्या दिवशी उपग्रहांचे प्रकार, रास्टर-व्हेक्टर (चौकटींचे आणि रेषा-बिंदूंचे नकाशे) आणि जीआयएसचा इतिहास. यादीत मी (जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता), लेखापाल, कर विभागातले लिपिक आणि संगणक ऑपरेटर. पाणी सोडणारा-बंद करणारा व्हॉल्वमन एकही नाही! का म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "त्यांना कुठे कॉम्प्युटर येतो?"

माझं म्हणणं सरळ आहे. गावातला कुठला व्हॉल्व कुठे पुरलाय हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की चेंबर गडप होतं आणि मग त्याचा पत्ता एका माणसाच्या डोक्यात उरतो. तेव्हा प्रशिक्षणाची सुरुवात त्यांच्यापासून करा, तीही प्रोजेक्टरवर नको, त्यांच्याच वॉर्डात. ऑफिसात बसून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट मी बनवतो, तो क्यूफील्ड ॲपमधून त्यांच्या फोनवर टाकतो. प्रकार निवडा: स्लूस (पाणी चालू-बंद करणारा), एअर (हवा सोडणारा), स्कोअर (लाइनमधला गाळ काढणारा). व्यास निवडा: ८०, १००, १५०, २०० मिमी. चालू आहे की जाम, आणि एक फोटो. टाइप जवळपास काहीच करायचं नाही, फिरताना नेट लागत नाही, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. जो माणूस दिवसभर व्हॉट्सॲपवर गळतीचे फोटो पाठवतो त्याला हे जमणार नाही, हे मला पटत नाही.

तुमचं काय मत?

निवृत्त_उपअभियंता

हेतू चांगला आहे, पण असहमत.

मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. गावठाणातल्या गल्लीत, दोन्ही बाजूंना दुमजली घरे असताना, तेवढाही नाही. गल्ली आठ फुटांची. म्हणजे तुमचा व्हॉल्व नकाशावर कुणाच्या तरी न्हाणीघरात जाऊन बसणार. आमच्या काळी नोंद अशी असे: मंदिराच्या कोपऱ्यापासून ४.२० मी., विजेच्या खांबापासून ६.८५ मी. दोन पक्क्या खुणा आणि टेप. रात्री लाइन फुटली की त्या दोन अंतरांवर बरोबर कुदळ पडत असे.

आजच्या पोरांना टेप धरून दोन खुणांवरून जागा काढता येत नाही, ते आधी शिकवा. केंद्राच्या अमृत योजनेत २०१५ नंतर शहरांचे जे जीआयएस नकाशे करायचे होते त्यांचे प्रमाण १:४०००. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. विकास आराखड्याला उत्तम, व्हॉल्व शोधायला निरुपयोगी. आमच्या मुख्याधिकाऱ्यांना हा फरक समजावता समजावता मी निवृत्त झालो.

रेषाबिंदू

मी पलीकडच्या टेबलावरची, म्हणजे कन्सल्टंटकडे नोकरी करते. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय.

जेईसाहेब, माहिती गोळा करणं सोपं, ती निस्तरणं अवघड. प्रत्येकाला थोडंथोडं शिकवलं की काय हाती येतं ते सांगते. पाइपलाइनच्या रेषा स्क्रीनवर जोडलेल्या दिसतात, झूम केलं की मध्ये अर्ध्या मीटरची फट. डोळ्याला काही वाटत नाही, पण "हा व्हॉल्व बंद केला तर कुठल्या घरांचं पाणी जाईल" हे सॉफ्टवेअरला विचारलं की त्याच्या लेखी लाइन तिथेच संपते. स्नॅपिंग (रेषेचं टोक दुसऱ्या रेषेला आपोआप चिकटवणारी सोय) चालू ठेवा, एवढी एक गोष्ट तीन दिवसांत अंगवळणी पडली तरी मी पेढे वाटेन.

दुसरं, शेपफाइल, म्हणजे नकाशा साठवायचा एक प्रकार. ती एक फाइल नसते, .shp नावाच्या फाइलबरोबर आणखी तीन-चार भावंडं असतात. लोक मेलला एकच जोडतात, आणि मग "उघडत नाही हो मॅडम". तिच्यात कॉलमच्या नावाला जेमतेम दहा बाइट मिळतात. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे "व्यास" हा साधा शब्दसुद्धा पुरता मावत नाही. त्याऐवजी जिओपॅकेज हा प्रकार वापरा, सगळं एकाच फाइलमध्ये राहतं.

तिसरं तर दर बॅचला होतं. लेयर (नकाशाचा एक थर) अक्षांश-रेखांशात असतो, प्रशिक्षणार्थी दहा मीटरचा बफर (भोवतीचा पट्टा) म्हणून १० टाकतो. ते दहा अंश होतात. सोलापूरच्या एका चौकाभोवतीचं वर्तुळ अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरतं. सगळे हसतात. पण हीच चूक लहान आकड्यांत झाली की कुणाच्या लक्षात येत नाही आणि ती थेट अंदाजपत्रकात जाते.

म्हणून सांगते, पंचवीस जणांना तीन दिवस शिकवू नका. एकाला तीन महिने शिकवा, आणि नकाशात बदल करायचा हक्क त्या एकालाच द्या.

पाणीवाला_जेई

@निवृत्त_उपअभियंता, सर, टेपचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फॉर्ममध्येच दोन रकाने वाढवतो: खूण १ पासून अंतर, खूण २ पासून अंतर, आणि त्या खुणांचा फोटो. नकाशावरचा टिंब फक्त गल्लीपर्यंत नेईल, पुढचं काम तुमची टेप करेल. तुमच्या काळचं रजिस्टर आत्ता कुठे आहे, हे मात्र विचारू नका. आमच्याकडचं वाळवीने खाल्लं.

@रेषाबिंदू, तो "एक" माणूस बदलून गेला की? आमच्याकडे संगणक ऑपरेटर कंत्राटी आहे. कंत्राट संपलं की तो जाणार, पासवर्डसकट.

तात्यांची_लेक

सगळे फार शहाण्यासारखं बोलताय, म्हणून जरा कडू बोलते.

माझे वडील आयुष्यभर व्हॉल्वमन होते, त्यातली बरीच वर्षं रोजंदारीवर. मावशीच्या लग्नात, अक्षता पडत असताना त्यांना फोन आला होता, "तात्या, मारुतीच्या पाठीमागचा कुठल्या बाजूला फिरतो?" तो व्हॉल्व उलटा बसवलेला होता, इतर व्हॉल्व ज्या बाजूला बंद होतात त्या बाजूला तो उघडायचा. हे गावात त्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच त्यांना कामावरून काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता तुम्ही म्हणता, हे सगळं फोनवर भरून द्या. भरून दिलं की उद्या ठेकेदार दुसरा मुलगा आणेल, कमी पैशात. त्याला नकाशा दिला की झालं. जेईसाहेब, तुम्ही कायम आहात. ज्याला प्रशिक्षण द्यायचं म्हणताय तो कायम आहे का? फोन कुणाचा, रिचार्ज कुणाचा? फोटो काढताना चेंबरमध्ये पडून फोन गेला तर भरपाई कोण देणार?

प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. फुकट काढून घेण्याला आहे.

खांबाखालचा

वीजवाल्यांचं थोडं ऐका, आम्ही यातून आधी गेलोय. २००८ साली केंद्राची आर-एपीडीआरपी योजना आली. तीस हजारांवर लोकवस्तीच्या शहरांत खांब, डीपी (ट्रान्सफॉर्मर), फीडर (सबस्टेशनहून निघणारी वीजवाहिनी) नकाशावर घ्यायचे आणि कुठला ग्राहक कुठल्या डीपीवर आहे त्याची जोडणी लावायची. सर्व्हेवाली मुलं बाहेरून आली, काम करून गेली.

नंतर डीपी वाढले, लोड इकडचा तिकडे टाकला. रात्री दोन वाजता फॉल्ट काढताना कुणी नकाशा उघडून बसत नाही. लाइन बंद करून काम करायचं परमिट घेताना कागदावर एक फीडर आणि वर तारेत दुसऱ्याच फीडरचा करंट, हे मी पाहिलंय. आमच्याकडचे जुने लोक अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावत नाहीत म्हणून निभावलं. नकाशा नसला तर माणूस घाबरून तपासतो, शिळा नकाशा हातात असला की बेफिकीर होतो. म्हणून मी रेषाबिंदूताईंच्याही विरोधात आहे. ज्याने जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) बदलला त्यानेच त्याच दिवशी नोंद बदलायची. एका माणसाकडे चिठ्ठ्या पाठवायच्या म्हणजे त्या खिशातच धुतल्या जाणार.

जेईंशी बाकी सहमत. मी जे शिकलो ते माझ्याच फीडरवर शिकलो. वर्गात आम्हाला अमेरिकेतल्या कुठल्या तरी शहराचा नमुना दिला होता. त्यात खांबच नव्हते.

कोपऱ्यातला_कारकून

एमएस-सीआयटी आठवली. वेतनवाढ अडकू नये म्हणून आख्खं ऑफिस पास झालं, आणि अजूनही पेजब्रेकसाठी एंटर दाबत बसतं. चालू द्या.

रेषाबिंदू

@खांबाखालचा, नोंद त्यानेच करावी, मान्य. पण ती कच्च्या लेयरमध्ये. पक्क्यात घेताना कुणीतरी बघायला हवं. हे बघणारं पद आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) आहे का? नसेल तर धागा तीनशे प्रतिसादांपर्यंत नेऊनही काही होणार नाही.

@जेई, तो पहिला दिवस खरंच कापा. इतिहास ज्याला हवा त्याच्यासाठी डेहराडूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स आहेत, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएस आहे, सगळं फुकट. आणि विदर्भातलं कुणी वाचत असेल तर एक अवांतर: ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर-वर्धा-चंद्रपूरकडे, यूटीएमचा (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा) झोन ४४ लावायचा. पुण्याच्या प्रशिक्षकाची ४३ ची फाइल तशीच उचलू नका.

निवृत्त_उपअभियंता

जेई, खुणांचे रकाने वाढवताय हे वाचून बरे वाटले. त्यात आणखी एक वाढवा: "फिरवण्याची दिशा, आणि किती आट्यांत बंद". तात्यांच्या मुलीने सांगितले ते अगदी खरे आहे. असे उलटे व्हॉल्व प्रत्येक गावात निघतात.

तरीही माझा आग्रह कायम आहे. ॲपबरोबर छापील प्रतही हवी, प्रत्येक टाकीच्या खोलीत एक, प्लास्टिकमध्ये. वीज गेलेली असते तेव्हाच पाण्याची बोंब होते.

पाणीवाला_जेई

दिशा आणि आटे टाकतो. छापील प्रतही काढतो. पहिला दिवस कापून त्याऐवजी एका टाकीवरून पाणी मिळणाऱ्या वॉर्डात फिरायचं, असं पत्र उद्या देतो. यादीत व्हॉल्वमनची नावंही सुचवणार आहे.

तात्यांची_लेक

नावं जरूर घाला. आणि त्याच पत्रात लिहा की त्या तीन दिवसांची हजेरी लागेल. रोजंदारीवाला हॉटेलच्या हॉलमध्ये बसला की मस्टरवर गैरहजर धरतात.