‘मृत्युंजय’ ६० पानांवर अडकलंय. पुढे रेटू का?

खिडकीजवळची_सीट:
वाढदिवसाला काकांनी ‘मृत्युंजय’ दिलं, शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी. सोबत दम, ‘हे वाचलं नाहीस तर मराठी वाचलंच नाहीस.’ ६० पानं झाली. सूर्य, गंगा, पुन्हा सूर्य. घरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की उपमा जरा जास्त आहेत. त्यावर एका दादाने ‘तुझी अजून पात्रता नाही’ असं ऐकवलं. तेव्हापासून पुस्तक उघडलं की आधी दादाच दिसतो. पूर्वग्रह न ठेवता कसं वाचू? आणि जोडीला काय वाचू?

मिसळ_जास्त_तिखट:
उपमा जास्त? नाश्त्याची सोय झाली की. :)

जुनी_रद्दी:
तुमच्या दादांसारखे लोक मला कॉलेजात भेटले आणि मी उलट्या टोकाला गेलो. लोकांना आवडतं म्हणजे भडकच असणार, असं ठरवून ८ वर्षं पुस्तकाला हात न लावता त्याची टिंगल केली. तोही आळसच. नाक मुरडायला पान उलटावं लागत नाही.

मग गावी पावसात अडकलो आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून वाचलं. उपमांबद्दल तुमचं बरोबर आहे, काही पानांवर वाक्य दागिन्यांच्या ओझ्याने वाकतं. पण या कादंबरीचा खरा डाव निवेदनात आहे. गोष्ट सहा जणांच्या तोंडून येते: कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, शोण आणि कृष्ण. तुम्ही अजून फक्त कर्णाचं ऐकलंय. स्वतःबद्दल बोलणारा माणूस भरजरी बोलणारच. दुसरं कुणी बोलायला लागलं की तोच कर्ण बाहेरून दिसतो. शोणाने, त्याच्या धाकट्या भावाने, मला जास्त धरून ठेवलं. तेव्हा निदान दोन निवेदकांपर्यंत जा. तिथेही आवाज बदलल्यासारखा वाटला नाही, तर खुशाल मिटा, आणि काकांनाही नेमकं तेच कारण सांगा.

राधेय_फॅन_क्र_१:
१९६७ साली, पंचविशी नुकतीच उलटलेल्या आजऱ्याच्या पोराने हे लिहिलं. आणि तुम्ही उपमा मोजताय! कर्णावर झालेला अन्याय ज्याला दिसत नाही त्याने महाभारतावर बोलूच नये. स्वयंवरात द्रौपदीने भर सभेत ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हटलं, ते विसरलात?

जुनी_रद्दी:
@राधेय_फॅन, वयाचं कौतुक मलाही आहे, पण म्हणून वाक्य हलकं होत नाही. स्वयंवराचं म्हणाल तर भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या महाभारतात, द्रौपदीचा तो नकार मूळ संहितेत धरलेलाच नाही, तळटीपांत गेलाय. द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला जे घालूनपाडून बोलतो ते मात्र संहितेत आहे. कादंबरीकाराने काय घ्यायचं, काय वळवायचं, ही त्याची मुखत्यारी. सावंतांनी कर्णाची कादंबरी लिहिली, तिला साक्षीपुरावा तुम्ही केलंत. त्याचं बिल सावंतांच्या नावावर फाडू नका.

ओटीवरची_मावशी:
अगं, जोडीला इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ घे. तेही १९६७चंच, आणि १९६८ला त्याला साहित्य अकादमी मिळालं. बाई मानवशास्त्रज्ञ, त्यामुळे कुणालाच देव्हाऱ्यात बसवत नाहीत, कर्णालाही नाही. काही पानांवर राग येईल, येऊ दे. त्यानंतर दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’, लहानसं आहे पण घाईने वाचायचं नाही. रणजित देसायांचं ‘राधेय’ मात्र लगेच नको. दोन्ही कर्ण डोक्यात एकमेकांत मिसळतात, माझे अजून सुटे झालेले नाहीत. आणि दादाला सांग, पात्रतेची परीक्षा ग्रुपवर नाही, ग्रंथालयात असते, वर्गणी भर.

राधेय_फॅन_क्र_१:
तळटीपेचं बघतो. पर्व आदिपर्वच ना?

जुनी_रद्दी:
हो, आदिपर्व. स्वयंवराचा भाग काढा.

खिडकीजवळची_सीट:
ग्रुप महिनाभर म्यूट केलाय. काल रात्री कुंती बोलायला लागली. उपमा तिच्याही आहेत, पण झोपायला दीड वाजला. ‘युगान्त’ ग्रंथालयात कुणीतरी नेलंय, नंबर लावून आले.