वजनावर पैसे लावायचे? माझा साफ विरोध

गोदाकाठची (नांदेड)
परवा इथे एका लातूरच्या भावाने लिहिलं: "मित्राकडे २० हजार ठेवलेत. चार महिन्यांत आठ किलो उतरले नाहीत तर पैसे त्याचे. ज्याला खरंच बारीक व्हायचंय त्याने पैसे लावावेत, बाकी सगळी कारणं." त्या शेवटच्या तीन शब्दांनी डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घरात हा खेळ होऊन गेलाय. नवऱ्याने मित्रांत ११ हजारांची पैज लावली. मोजायचा दिवस एप्रिलमधला. दीड किलो कमी पडत होतं, म्हणून आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि नांदेडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पैज जिंकले, अन् संध्याकाळी चक्कर येऊन पडले. सलाईन लावावं लागलं. काट्याला काय कळतंय, पाणी उतरलं का चरबी? दिवाळीपर्यंत सगळं वजन परत.

आणि २० हजार कुणाचे? मी शिलाई करते, बचत गटात महिन्याला २०० भरते. हरले तर लेकराची फी जाते. माझ्याकडे लावायला पैसे नाहीत म्हणजे मला बारीक व्हायचंच नाही का?

लातूरकर
ताई, तो मीच. तुमच्या घरी झालं ते वाईटच, पण त्यावरून पद्धत खोटी ठरत नाही. २००८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला प्रयोग आला होता. ५७ लोक, १६ आठवडे, लक्ष्य १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. स्वतःचे पैसे लावणाऱ्यांचं सरासरी १४ पौंड उतरलं, ज्यांच्याकडे तसलं काही नव्हतं त्यांचं चारच्या आत. हजार रुपये मिळाल्याचा आनंद दोन दिवस टिकतो, हजार गेल्याचं महिनाभर खुपतं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख जास्त लागतं, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलंय. मी तीन वेळा जिम सोडली. यावेळी सकाळी पाचला उठतोय ते त्या २० हजारांमुळेच.

गोदाकाठची
तोच प्रयोग पुढे वाचा. सात महिन्यांनी बरंच वजन परत आलं आणि दोन्हीकडच्या लोकांत ठोस म्हणावा असा फरक उरला नाही. आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त तीन डॉलर लावायचे होते, वर संशोधक तेवढीच भर घालत होते. तुमचा मित्र भर घालतो का?

परभणीचा शेतकरी
पैसे कशाला लावता? डॉ. दीक्षित सांगतात तसं करा. दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका. फुकट आहे. माझं नऊ किलो उतरलं.

अंबाजोगाई
फुकट? माझ्या आईने साखरेच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता दोनदा जेवण सुरू केलं. तिसऱ्या दिवशी साखर इतकी उतरली की ओट्याशीच कोसळली. ऐकीव सल्ले वाटू नका.

परभणीचा शेतकरी
गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच करायचं असतं. दोष पद्धतीला देऊ नका. खरा रोग वेगळाच आहे. आमच्या आजोबाला ढेरी नव्हती. तीन वेळा भाकरी खायचे, पण ज्वारीची, आणि दिवसभर औतामागे. आता रेशनवर गहू-तांदूळ, शेतात सोयाबीन. ज्वारी पेरायची तर काढणीला माणूस मिळत नाही. घरात भाकरी थापणारं कुणी राहिलं नाही.

गोदाकाठची
"थापणारं कुणी" म्हणजे बाईच ना? दिवसभर मशीनवर बसून रात्री दहा भाकरी मीच थापायच्या? तुम्ही शिका थापायला.

परभणीचा शेतकरी
मी थापतो, ताई. बायकोचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं मीच थापतोय. माणूस बघितल्याशिवाय बोलू नका.

गोदाकाठची
हे माहीत नव्हतं. चुकलं माझं.

अंबाजोगाई
भाकरी राहू द्या. लातूरकर, एवढं ऐका. १८७२ च्या करार कायद्यात कलम ३० आहे. पैजेत जिंकलेले पैसे, तिसऱ्याकडे ठेवलेले असले तरी, दावा लावून मागता येत नाहीत. उद्या वाद झाला तर वजन राहील बाजूला, मैत्री जाईल.

लातूरकर
तो मित्र माझा बालवर्गापासूनचा आहे, कोर्टाचं सांगू नका. पाण्याचा मुद्दा मात्र मला लागला. मागच्या मोजणीला मीही सकाळपासून काही प्यायलो नव्हतो, हे लिहायला जड जातंय. आता काटा बंद. कंबर मोजू, आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत सांगतात, आणि चार महिन्यांनी नाही, वर्षभर दर महिन्याला. पैसे मात्र काढणार नाही. ते काढले की मी उद्याच झोपून राहीन, स्वतःला ओळखतो.

गोदाकाठची
तुमचे पैसे, तुमची कंबर. ते "बाकी सगळी कारणं" तेवढं मागे घ्या.

लातूरकर
घेतलं मागे. पैसे नाही.