शब्दचर्चा : ब्रिजच्या बोलीतलं ‘जजमेंट’ मराठीत काय?

किलवर दुर्री
नवशिक्यांसाठी ब्रिज या पत्त्यांच्या खेळातल्या बोलीवर, म्हणजे हातांच्या लिलावावर, मराठीत टिपण लिहिते आहे. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, हुकूम, उतारी, भिडू, डाव इथपर्यंत काही अडलं नाही. ट्रिकला ‘हात’ आणि आपल्याकडच्या 13 पत्त्यांना ‘पानं’ म्हटलं की तोही घोळ मिटतो. अडलंय ते ‘जजमेंट’पाशी. उदाहरण देते. बोलीतला आकडा म्हणजे सहाच्या वर किती हात करणार ते. मी 1 बदाम बोलले, डावीकडून 1 इस्पिक, भिडूनं थेट 4 बदाम, उजवीकडून 4 इस्पिक. आता पास, डबल (‘तुम्ही बुडाल’ म्हणत दंड वाढवणं) की 5 बदाम? इथे सगळे म्हणतात, ‘हा जजमेंटचा प्रश्न आहे.’ मी ‘निर्णय’ लिहून पाहिलं, पण निर्णय म्हणजे शेवटी जे ठरलं ते. ठरवण्याच्या आधी डोक्यात जे चालतं त्याला काय म्हणायचं?

चौथा भिडू
जजमेंटच ठेवा. टेबलावर दुसरं काही कोणी म्हणत नाही. पत्ते खेळणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द परका नाही, त्या नावाचा एक आख्खा खेळ आहे आणि त्यात आपले किती हात होतील हे आधी सांगावं लागतं. टिपण वाचून कोणी ‘तारतम्याची बोली’ असं म्हणत टेबलावर बसला तर भिडू उठून जाईल.

उतारीवाला
चौथे भिडू, तुम्ही दिलेल्या उदाहरणातच अडचण आहे. त्या खेळात आपले हात मोजले की काम झालं. चढाओढीच्या बोलीत आपले हात मोजायचे, त्यांचेही मोजायचे, आणि मग कोणतं नुकसान परवडेल ते ठरवायचं. इंग्रजीनं तीन-चार वेगळ्या कामांना एकच शब्द दिलाय. मराठीत ती कामं वेगळी दाखवता येतात, मग का दाखवू नयेत?

किलवरताईंचाच लिलाव घेऊ. दोन्ही बाजू नॉन-व्हल्नरेबल, म्हणजे बुडण्याचा दंड कमी. दोन वेगळी पानं पाहा.

पहिली : इस्पिक राणी-गुलाम-3, बदाम एक्का-राजा-8-6-4, चौकट राजा-गुलाम-5, किलवर राणी-7.
दुसरी : इस्पिक 7, बदाम एक्का-राजा-8-6-4, चौकट एक्का-गुलाम-10-5-2, किलवर 8-3.

एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 असे धरले तर पहिल्यात 16 पॉइंट, दुसऱ्यात 12. तरी 5 बदाम बोलायचं ते दुसऱ्या पानांवर. पहिल्यातली इस्पिकची राणी आणि गुलाम आपण बदाम खेळलो तर जवळजवळ कचरा, ते इस्पिक खेळले तर मात्र एखादा हात अडवतील. किलवरच्या राणीचंही तेच. ही पानं बचावाची आहेत, डबल देण्याची आहेत. दुसऱ्यात एकही मानाचं पान वाया जात नाही, इस्पिकचा एकच हात जाणार आणि चौकट लांबवता येण्यासारखी. हे जे ओळखणं आहे त्याला मराठीत पारख म्हणतात. पॉइंट मोजणं म्हणजे पारख नव्हे. पॉइंट खोटे केव्हा पडतात ते कळणं म्हणजे पारख.

दुसरं काम, किती हात होतील ते काढणं. तो आडाखा. अंदाज कशाचाही आणि कशावरूनही करता येतो. आडाख्यामागे काहीतरी हिशेब असतो. इथे तो हिशेब म्हणजे एकूण हातांचा नियम : आपल्या सर्वांत लांब रंगात आपल्या बाजूकडे मिळून जितकी पानं, अधिक त्यांच्या सर्वांत लांब रंगात त्यांच्याकडे जितकी पानं, साधारण तितकेच दोन्ही बाजूंचे हात मिळून होतात. फ्रान्सच्या ज्याँ-रेने व्हेर्न यांनी 1969 मध्ये तो एका अमेरिकन ब्रिज मासिकात मांडला. 1992 मध्ये लॅरी कोहेन यांचं पुस्तक आल्यावर तो घरोघरी गेला.

भिडूनं 4 बदामवर उडी घेतली म्हणजे त्याच्याकडे पाच बदाम धरू. आपले झाले 10. पहिल्या पानांत माझ्याकडे तीन इस्पिक आहेत, भिडूकडे एक असेल तर त्यांच्याकडे 9. एकूण 19, आणि त्यातून राणी-गुलाम त्यांच्या रंगात अडकलेले, म्हणजे प्रत्यक्षात 18 धरलेले बरे. दुसऱ्या पानांत माझं इस्पिक एकच, भिडूकडे दोन असतील तर त्यांच्याकडे 10. एकूण 20.

आता गंमत बघा. बुडणाऱ्या प्रत्येक बोलीला डबल मिळतो असं धरा. एकूण 20 असतील तर हात कसेही वाटले गेले तरी 5 बदाम फायद्याचंच : दोघांचे दहा-दहा झाले तर त्यांना 420 देण्याऐवजी आपण एक हात बुडून 100 देतो, आपले 11 झाले तर 5 बदाम बनून 450, नाहीतर त्यांचा एक हात बुडवून नुसते 100. एकूण 18 असतील तर कसंही तोट्याचंच : नऊ-नऊ झाले की 100 घ्यायचे सोडून आपण 300 देऊन बसतो. खरा पेच 19 ला. त्यांचे 10 होत असतील तर 420 ऐवजी 300 देऊन आपण 120 वाचवले. आपले 10 आणि त्यांचे 9 असतील तर मिळणारे 100 गेले आणि वर 100 द्यावे लागले.

आणि इथे येतं तारतम्य. आडाखा 19 वर थांबतो, पुढचं सांगत नाही.

जुनी वही
‘तारतम्य’ हा शब्द इथे नेमका बसतो, पण वरवर वाचणाऱ्याला का ते दिसणार नाही. संस्कृतातले ‘तर’ आणि ‘तम’ हे तुलनेचे प्रत्यय : लघु, लघुतर, लघुतम. त्यावरून तारतम्य म्हणजे कमी-अधिकाची जाण. ‘बोलताना तारतम्य ठेव’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याला ‘भान’ असा अर्थ येतो, तो नंतरचा. ब्रिजमधला अर्थ मुळाच्या जास्त जवळ आहे. दोन्ही वाटांनी नुकसान आहे, त्यातलं लघुतर कोणतं?

‘विवेक’ मात्र नको, त्याला नीतीचा वास येतो. ‘अटकळ’ पुराव्याच्या तुटपुंजेपणाकडे बोट दाखवते. भिडूच्या एका उडीवरून त्याच्याकडे इस्पिक किती हे धरणं ही अटकळ, त्यावर बेतलेली 19 ही बेरीज आडाखा. आडाखा चुकला तर बहुधा खालची अटकळ चुकलेली असते.

चौथा भिडू
मान्य, पण एक शंका. हा नियम काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. 2004 मध्ये माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी त्याच्याविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हुकमांची बेरीज करत बसण्यापेक्षा दोन्ही पानांतले आखूड रंग आणि कामाचे पॉइंट बघा.

उतारीवाला
म्हणून तर ‘आडाखा’ म्हटलं, ‘गणित’ नाही. शिवाय 19 चे 18 मी पारख लावूनच केले. पारख आधी, आडाखा नंतर, हा क्रम सोडला की नियम दगा देतो.

किलवर दुर्री
हे उपयोगी आहे. आणखी दोन शब्द. ‘सॅक्रिफाइस’ला मी ‘बलिदान’ लिहिलंय आणि स्वतःलाच हसू येतंय. आणि ‘व्हल्नरेबल’?

चौथा भिडू
बलिदान काढून टाका, 300 पॉइंटांसाठी कोणी हुतात्मा होत नाही. कॉन्ट्रॅक्ट (शेवटी ठरलेली बोली) ‘बुडतो’ हे आपण म्हणतोच. मग ‘बुडीत बोली’ म्हणा : बुडणार हे ठाऊक असून, स्वस्तात बुडण्यासाठी केलेली. त्यांचा गेम (4 इस्पिकसारखी बोनस देणारी बोली) मुळात होणारच नव्हता आणि तरी आपण बुडलो, तर तो ‘फुकटचा बळी’. तिथे मात्र बळी शोभतो.

व्हल्नरेबल तसाच ठेवा, समजावताना ‘जोखमीत’ म्हणा. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 मध्ये ‘फिनलंड’ या जहाजावरच्या प्रवासात कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, तेव्हा हा शब्द सुचवला तो बोटीवरच्या एका तरुणीनं. तिचं नाव कुठे राहिलं नाही, शब्द राहिला.

गुण मात्र तोंडपाठ हवेत. डबल झाल्यावर नॉन-व्हल्नरेबल बुडणं 100, 300, 500, 800. व्हल्नरेबल 200, 500, 800, 1100. आधी नॉन-व्हल्नरेबल चार हातांना 700 होते, 1987 पासून 800 झाले. स्वस्तात बुडणाऱ्यांना थोडा चाप बसला. वरच्याच डावात आपण जोखमीत आणि ते नाहीत असं करून बघा. दोन हात बुडलो की 500, त्यांचा गेम 420. तीच पानं, तोच आडाखा, तारतम्य उलटं.

जुनी वही
‘जोखमीत’ चांगला आहे. एक सावधगिरी : टिपणात विरोधकांना ‘समोरचे’ म्हणू नका. मराठीत समोरचा म्हणजे प्रतिपक्ष, पण ब्रिजमध्ये समोर बसतो तो भिडू!

उतारीवाला
तारतम्याचं अजून एक अंग राहिलं. स्पर्धा कसल्या गुणांची आहे त्यावर ते बदलतं. आयएमपीवर, म्हणजे दोन टेबलांवरच्या गुणांतल्या फरकाला तक्त्यावरून गुण देतात तिथे, व्हल्नरेबल गेम घ्यायचा की नाही, हे बघा. 4 इस्पिक बनला तर 620, दुसऱ्या टेबलावर गेम न बोलता दहा हात केले तर 170. फरक 450, म्हणजे 10 आयएमपी. एक हात बुडलो तर उणे 100, दुसरीकडे 140. फरक 240, म्हणजे 6. दहा मिळवायला सहा लावायचे. सोळात सहा, म्हणजे साडेसदतीस टक्के शक्यता असली तरी गेम बोलायचा. नॉन-व्हल्नरेबल हेच गणित सहाला पाच असं येतं, मग सुमारे 45 टक्के लागतात. मॅचपॉइंटवर किती फरकानं हरलो याला किंमत नाही, किती जोड्यांच्या मागे राहिलो याला आहे. तिथे 50 टक्क्यांच्या आसपासच थांबावं लागतं. उलट छोट्या पार्ट-स्कोअरवरून (गेमच्या खालच्या बोलीवरून) मॅचपॉइंटवर जी मारामारी होते ती आयएमपीवर कोणी करणार नाही. व्हल्नरेबल असताना डबलवर एक हात बुडलं की 200 जातात, आणि पार्ट-स्कोअरच्या डावात त्याहून वाईट गुण फारसे कोणाचे नसतात.

टेबल क्रमांक सात
तुम्ही सगळे खेळणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. ‘जज’ करणारे टेबलाबाहेरही असतात, आणि त्यांच्या कामाला निवाडा हाच शब्द. समजा 4 इस्पिकवर किलवरताई बराच वेळ थबकल्या आणि मग पास केला. नंतर त्यांच्या भिडूनं 5 बदाम बोललं आणि ते लाभलं. विरोधक डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावणार. थबकण्यावरून भिडूला कळलं की इकडे काहीतरी आहे; ही अनधिकृत माहिती, नियम क्रमांक 16. विचार करणं गुन्हा नाही, भिडूनं त्याचा फायदा घेणं हा गुन्हा.

डायरेक्टर त्याच दर्जाच्या काही खेळाडूंना ती पानं देतो आणि थबकण्याचा उल्लेख न करता विचारतो, तुम्ही काय बोलाल? त्या दर्जाच्या खेळाडूंपैकी लक्षणीय संख्येनं ज्याचा गांभीर्यानं विचार केला असता आणि काहींनी निवडलाही असता, असा पर्याय म्हणजे ‘लॉजिकल ऑल्टरनेटिव्ह’. त्याला ‘तार्किक पर्याय’ असं शब्दाला शब्द लावू नका. ‘रास्त पर्याय’ म्हणा. पास हाही रास्त पर्याय होता आणि थबकण्यानं 5 बदामकडे बोट दाखवलं असेल, तर 5 बदाम टिकत नाही आणि गुण फिरवले जातात.

निवाड्याचा दुसरा प्रकार डाव संपल्यावर चहूकडून सुरू होतो. चारही पानं उघडी असताना ‘5 बदाम उघड होतं’ म्हणणं याला जजमेंट म्हणू नये. त्याला मराठीत फार जुना आणि अचूक शब्द आहे : पश्चातबुद्धी.

चौथा भिडू
सात नंबर, हे टिपणात ठळक अक्षरांत हवं. आणि मी माझा आग्रह अर्धा मागे घेतो. टेबलावर जजमेंट, लिहिताना पारख-आडाखा-तारतम्य.

किलवर दुर्री
मग असं करते. शीर्षकात ‘चढाओढीची बोली’, पोटात हे तीन शब्द, निवाडा फक्त डायरेक्टरच्या प्रकरणात. डबलचे प्रकार ‘दंडाचा डबल’ आणि ‘भिडूला बोलायला लावणारा डबल’ असे उलगडून लिहीन. एकच राहिलं, ‘फोर्सिंग पास’. ‘सक्तीचा पास’ लिहू का?

जुनी वही
नको. ‘सक्तीची रजा’ म्हणजे जी घ्यावीच लागली ती. ‘सक्तीचा पास’ म्हटलं की पास करणाऱ्यावर सक्ती झाली असं वाटेल. इथे सक्ती भिडूवर आहे.

उतारीवाला
बरोबर. डाव आपलाच आहे हे बोलीतून आधीच ठरलं असेल, तर विरोधकांना डबलशिवाय सोडायचं नाही, हा करार असतो. मग माझा पास म्हणतो, ‘मला डबलची घाई नाही, पुढे जाण्यासारखं काही आहे, तुम्ही ठरवा.’ भिडूनं एकतर डबल द्यायचा किंवा पुढे बोलायचं. मी त्याला ‘बोलका पास’ म्हणेन. मात्र तुमच्या उदाहरणाखाली हा शब्द टाकू नका. तिथलं भिडूचं 4 बदाम हे लांब हुकूम आणि थोड्या पॉइंटांवर केलेली अडथळ्याची बोली आहे. डाव आपला आहे असं तिनं कुठेच म्हटलेलं नाही, त्यामुळे तिथला पास मुका.