‘पेट्रनेज’ म्हणजे देणगी का?

प्रश्न: मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरचा खर्च कसा भागतो, यावर लेख लिहितोय. ‘पेड सपोर्ट’साठी ‘सशुल्क साहाय्य’ आणि ‘पेट्रनेज’साठी (पैसे देऊन एखादं काम चालू ठेवण्यासाठी) ‘देणगी’ वापरलंय. दोन्ही खटकतात. काही सुचवाल?

प्रतिसाद: ‘देणगी’ सरसकट नको. देणगी दिली की देणारा मोकळा, आणि पुढची येईल याचा भरवसा नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा सुरक्षेचा दोष सापडला तेव्हा कळलं, की असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर उभी होती त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाला जेमतेम २,००० डॉलर मिळत होते. तिथे ‘देणगी’ हाच शब्द बरोबर!

ब्लेंडर या थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळे प्रकार दिसतात. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत सुमारे १ लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड खुला करून घेतला. ठरलेल्या कामासाठी सगळ्यांनी मिळून काढलेली ती वर्गणी. आज त्याच्या विकासनिधीत व्यक्ती आणि कंपन्या नियमित पैसे भरतात आणि त्यातून प्रोग्रामरांचे पगार होतात. याला ‘लोकाश्रय’ म्हणा. एकाच बड्या कंपनीच्या पैशावर प्रकल्प चालत असेल तर खुशाल ‘राजाश्रय’ लिहा. मर्जी फिरण्याची धास्तीही त्या शब्दात आहेच.

दुसरा प्रतिसाद: ‘प्रायोजक’ का नको? प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहब संकेतस्थळाने प्रकल्पांना पैसे देण्यासाठी २०१९ मध्ये सुरू केलेल्या सोयीचं नावच ‘स्पॉन्सर्स’ आहे.

प्रतिसाद: प्रायोजकाला आपलं नाव झळकायला हवं असतं. लोगो लावून घेणाऱ्या कंपनीला तो शब्द शोभतो, दरमहा पाच डॉलर देणाऱ्याला नाही.

तिसरा प्रतिसाद: ‘सशुल्क साहाय्य’ वाचून उपकार वाटतात. हा सरळ व्यवहार आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीचे ग्राहक कोडसाठी पैसे देत नाहीत. तपासलेल्या आवृत्त्या, सुरक्षेचे अपडेट आणि अडचण आल्यावर उत्तर द्यायला बांधील माणूस यांचे देतात. असा धंदा करणारी ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. ऑफिसांत रुळलेला ‘वार्षिक देखभाल करार’ जवळचा वाटतो. रेड हॅटच्या ‘सबस्क्रिप्शन’ला मात्र ‘वर्गणी’ म्हणू नका. मासिकाची वर्गणी वेगळी आणि वर उल्लेख झालेली वेगळी. एकाच लेखात दोन्ही आल्या तर वाचक गोंधळेल.

प्रश्नकर्ता: मग ‘सपोर्ट करार’ आणि ‘लोकाश्रय’ ठेवतो. ‘सबस्क्रिप्शन’ तसंच राहू देतो.